व्हायरल लोड चांगला असूनही हिशेब चुकू लागले, तर

तुम्ही लिहिलेली हकिकत थोडक्यात अशी आहे. तुमचे थोरले बंधू, वय ४८, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. २०११ मध्ये फुप्फुसाचा टीबी झाला तेव्हा त्यांच्या एचआयव्हीचे निदान झाले आणि त्या वेळी सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) ६० च्या आसपास, म्हणजे फारच कमी होत्या. पहिल्या फळीची औषधे काही वर्षांनी निकामी ठरली आणि २०१८ पासून ते दुसऱ्या फळीवर आहेत, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि रिटोनाविरसह अ‍ॅटाझानाविर. आठ महिन्यांपूर्वी केलेल्या तपासणीत रक्तात विषाणू आढळला नव्हता. तरीही गेल्या चार महिन्यांत शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) चुकू लागल्या, अक्षर बिघडले, चालताना तोल जाऊ लागला आणि बोलका माणूस गप्प गप्प राहू लागला. पायांची जळजळ मात्र जुनीच आहे. गोळ्या मिळतात तिथे ‘रिपोर्ट चांगला आहे, काळजी करू नका’ असे सांगितले गेले. एका परिचिताने ‘विषाणू मेंदूत लपून बसतो, मेंदूत पोहोचणाऱ्या गोळ्या मागून घ्या’ असे सुचवले. या दोहोंपैकी कोणाचे ऐकावे, आणि दुकानाच्या मालकांना काही सांगावे का, हे तुम्हाला विचारायचे आहे.

सरकारी मोफत औषधे सुरू होण्याच्या आधीपासून मी कोल्हापुरात फिजिशियन म्हणून एचआयव्हीचे रुग्ण पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की हे दोन्ही सल्ले एकच पायरी गाळून पुढे गेले आहेत. मेंदूला नेमके काय झाले आहे, हे अजून कोणी तपासलेलेच नाही. रक्तातला व्हायरल लोड, म्हणजे विषाणूचे प्रमाण, रक्ताविषयी सांगतो, मेंदूविषयी त्यावरून फक्त अंदाज बांधता येतो. आणि हा अंदाज बहुतेकांच्या बाबतीत बरोबर निघत असला, तरी ज्याच्यात नवी लक्षणे दिसू लागली आहेत त्याच्या बाबतीत त्यावर विसंबून राहता येत नाही. उलट बाजूने, एचआयव्ही असलेल्या माणसाचा मेंदू बिघडला म्हणजे ते एचआयव्हीमुळेच झाले, असेही धरून चालता येत नाही. मी रुग्णाला पाहिलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो ते निदान नव्हे. मी त्यांच्या डॉक्टरांच्या जागी असतो तर कोणत्या क्रमाने आणि का विचार केला असता, एवढेच त्यातून घ्यावे.

आधी परिचितांच्या म्हणण्यातला खरा भाग. एचआयव्ही मेंदूत शिरतो आणि तो आजार बळावल्यावर नव्हे, तर लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच शिरतो. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी नेहमीच मेंदूत ये-जा करत असतात, त्यांच्यामधून तो आत जातो आणि मेंदूतल्या संरक्षक पेशींत वस्तीला राहतो. विचार करणाऱ्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या ज्या मुख्य चेतापेशी आहेत त्यांना त्याची लागण होत नाही. पण लागण झालेल्या पेशींमधून विषाणूची प्रथिने आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये सतत झिरपत राहतात, आणि एका घरातल्या चुलीच्या धुराने शेजारच्याचे डोळे चुरचुरावेत तशी चेतापेशींची हानी होत जाते. ही हानी मुख्यतः मेंदूच्या खोल भागांत आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंत होत असल्यामुळे सुरुवातीला नावे-गावे विसरण्यापेक्षा मंदपणा जास्त जाणवतो. उत्तर येते पण उशिरा येते, एका वेळी दोन गोष्टी सांभाळता येत नाहीत, बटण लावायला वेळ लागतो, उत्साह आटतो. घरच्यांना हे नैराश्य वाटते, आणि कधी कधी ते नैराश्य असतेही.

उपचार नव्हते तेव्हा या विकाराचे पूर्ण रूप आम्ही पाहिलेले आहे. झिडोव्हुडिन हे पहिले औषध १९८७ मध्ये मान्य झाले आणि त्या एकट्या औषधानेही काही रुग्णांची बुद्धी सुधारते हे तेव्हाच दिसून आले. १९९६ नंतर तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली आणि एचआयव्हीमुळे येणारा गंभीर स्मृतिभ्रंश झपाट्याने कमी झाला. भारतात सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची ही एकत्रित औषधे, १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. तिचा परिणाम आपल्या भागातही पुढच्या काही वर्षांत डोळ्यांना दिसला. म्हणून मेंदूतल्या एचआयव्हीवरचा मुख्य उपचार कोणता, या प्रश्नाचे उत्तर आजही तेच आहे: परिणामकारक एआरटी, रोज, न चुकता. तिच्या जागी देता येईल असे दुसरे काही नाही. स्मृतिभ्रंशासाठी वापरले जाणारे मेमँटिन, पार्किन्सनच्या आजारातले सेलेजिलिन, मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक, अशी अनेक औषधे जोडीला देऊन पाहिली गेली. त्यांपैकी कशाचाही खात्रीलायक उपयोग सिद्ध झालेला नाही.

इथे एका आकड्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण तो वाचून रुग्ण घाबरून माझ्याकडे येतात. एचआयव्ही असलेल्या निम्म्या लोकांच्या मेंदूवर परिणाम झालेला असतो, असे वाचायला मिळते. हा आकडा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीतून आला आहे. त्या पाहणीत १,५५५ रुग्ण होते आणि चाचण्यांत कमी गुण मिळालेल्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित जास्त निघाले. पण त्यांतल्या बहुतेकांना रोजच्या व्यवहारात कोणतीही अडचण नव्हती आणि खरा स्मृतिभ्रंश सुमारे दोनच टक्के लोकांत होता. कमी गुण म्हणजे आजार, हे समीकरण आता जाणकारांनाही मान्य राहिलेले नाही. माणसाचे शिक्षण, भाषा, त्याला कागद-पेन्सिलीच्या चाचण्यांची असलेली सवय यांवर हे गुण पुष्कळ अवलंबून असतात. सातवी शिकलेल्या पण तोंडी हिशेबात कोणालाही मागे टाकणाऱ्या माणसाला परदेशी मापाने मोजले तर तो नापास ठरू शकतो. तुमच्या बंधूंची गोष्ट मात्र अशी नाही. त्यांची तुलना त्यांच्याच चार महिन्यांपूर्वीच्या कामाशी होत आहे आणि ती तुलना खरी धरावी लागते.

म्हणून असा रुग्ण आला की मी नातेवाइकांना जुने कागद आणायला सांगतो. तुम्ही गेल्या हंगामातल्या आणि आताच्या पट्ट्यांच्या नकला शेजारी शेजारी ठेवून पाहा. आकडे रकान्याबाहेर जातात का, अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जाते का, अडत, हमाली आणि तोलाई यांची वजावट राहून जाते की दोनदा होते, एकच शेतकरी दोनदा लिहिला जातो का, हे पाहिले की चूक लक्ष न लागल्याची आहे, हाताची आहे की गणिताची आहे, याचा बराच अंदाज येतो. मग पाच मिनिटांची एक साधी चाचणी घेतो. चार शब्द सांगून ठेवायचे. अंगठा आणि पहिले बोट पाच सेकंद जितक्या वेगाने जुळवता येईल तितक्या वेगाने जुळवायला लावायचे. टेबलावर मूठ, मग पालथा हात, मग तळहाताची कड अशी क्रिया दहा सेकंद करायला लावायची. आणि शेवटी ते चार शब्द पुन्हा विचारायचे. १२ पैकी १० किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर पुढची तपासणी हवी, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही.

कारण शोधताना मी सर्वांत आधी वेळ पाहतो. तासा-दोन तासांत आलेला बिघाड हा बहुधा पक्षाघात किंवा फिट असते. काही दिवसांत वाढत गेलेली डोकेदुखी, ताप आणि गुंगी म्हणजे मेंदूज्वर किंवा मेंदूतली गाठ. वर्षानुवर्षे हळूहळू वाढलेला विसराळूपणा असेल तर रक्तदाब, मधुमेह, दारू आणि वय यांच्याकडे पाहावे लागते. तुमच्या बंधूंचे चार महिने मधल्या पट्ट्यात येतात आणि या पट्ट्यात ज्या गोष्टी बसतात त्यांतल्या काही वेळेवर ओळखल्या तर पूर्ण बऱ्या होण्यासारख्या आहेत. दुसरी बाब म्हणजे आजचा सीडी४ आकडा. तो १०० च्या खाली असेल तर क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या गाठी आधी वगळाव्या लागतात, २०० च्या खाली जेसी विषाणूमुळे होणारा मेंदूच्या पांढऱ्या भागाचा विकारही संभवतो. टीबीचा मेंदूज्वर आणि सिफिलिस मात्र सीडी४ कितीही असला तरी होऊ शकतात, आणि आपल्याकडे टीबी कधीच विसरून चालत नाही. तुमच्या पत्रात २०११ चा सीडी४ आहे, आताचा नाही. तो हवा.

आता तुमच्या पत्रातल्या दोन ओळींकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त त्यांनीच थांबवले. तुम्ही सहज लिहिले आहे की दादा दिवाळीपासून रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची पँटोप्राझोलची गोळी घेतात. दुसरीकडे लिहिले आहे की पूर्वी त्यांचे डोळे पिवळसर दिसायचे, आता स्वच्छ दिसतात, त्यामुळे घरच्यांना बरे वाटले. अ‍ॅटाझानाविर पोटातून रक्तात शोषले जाण्यासाठी पोटात आम्ल लागते आणि पँटोप्राझोल नेमके तेच बंद करते. म्हणून दुसऱ्या फळीवरच्या रुग्णाला ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत असा नियम आहे. डोळ्यांचा तो पिवळेपणाही काविळीचा नसून बहुधा अ‍ॅटाझानाविरचाच होता. या औषधाने रक्तातले बिलिरुबिन वाढते, ते निरुपद्रवी असते आणि औषध अंगात जात असल्याची ती एक बाहेरून दिसणारी खूणही असते. ती खूण नाहीशी होणे हा पुरावा नव्हे, पण औषध पुरेसे शोषले जात नसावे किंवा घेतलेच जात नसावे, असा तो इशारा आहे. माणूस विसराळू झाला असेल तर गोळ्या चुकण्याची शक्यता वाढते, आणि गोळ्या चुकल्या की विसराळूपणा वाढतो. म्हणून डबीतल्या उरलेल्या गोळ्या आजच मोजा, आणि त्या जेवणासोबत घेतल्या जातात का तेही पाहा, कारण अ‍ॅटाझानाविर उपाशीपोटी नीट शोषले जात नाही.

याचा मेंदूशी संबंध असा. काही रुग्णांच्या रक्तात विषाणू सापडत नाही किंवा अगदी थोडा सापडतो, पण मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात तो वाढत असतो. पुण्याच्या डॉक्टरांनी पश्चिम भारतातल्या अशा रुग्णांविषयी लिहिलेले आहे आणि ते तुमच्या बंधूंच्या कहाणीशी जुळते. आपल्याकडे हे ज्या रुग्णांत दिसले त्यांतले अनेक जण दुसऱ्या फळीवर, विशेषतः अ‍ॅटाझानाविरवर होते. कारण समजण्यासारखे आहे. पहिली फळी निकामी ठरते तेव्हा लॅमिव्हुडिनला दाद न देणारा विषाणू बहुधा तयार झालेला असतो. टेनोफोविर मेंदूत कमी पोहोचते. अ‍ॅटाझानाविरही तिथे फारसे जात नाही. रक्तात ही तिन्ही मिळून विषाणूला दाबून ठेवू शकतात, मेंदूत मात्र किल्ला लढवायला जवळजवळ कोणीच नसते. त्यात अ‍ॅटाझानाविरचे रक्तातले प्रमाणच घसरले तर उरलासुरला आधारही जातो. तोल जाणे, हात कापणे, मंदपणा, फिट येणे, ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत आणि ती काही आठवड्यांत ते महिन्यांत वाढतात.

यावरून ‘मेंदूत पोहोचणाऱ्या गोळ्या मागा’ हा सल्ला बरोबर ठरला, असे मात्र नाही. कोणते औषध मेंदूत किती पोहोचते याची गुणपद्धत २००८ मध्ये मांडली गेली. तिच्यात झिडोव्हुडिन, नेव्हिरापिन आणि पुढे डोल्युटेग्राविर यांना वरचे गुण आहेत, तर टेनोफोविरला सर्वांत खालचा. कल्पना पटण्यासारखी होती आणि आम्हीही काही वर्षे त्या तक्त्याकडे पाहून विचार करत होतो. पण रक्तातला विषाणू ज्यांच्यात नीट दबलेला आहे अशा सर्वसाधारण रुग्णांत जास्त गुणांच्या औषधांनी बुद्धी सुधारते, असे चाचण्यांत सिद्ध झाले नाही. हजारो रुग्णांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये केलेल्या एका विश्लेषणात तर जास्त गुणांच्या औषधांवर असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिकच आढळले. चालू एआरटीला मॅराव्हिरोक आणि डोल्युटेग्राविर यांची जोड देऊनही फायदा झाला नाही. म्हणून नुसत्या विसरण्याच्या तक्रारीवर मी गोळ्या बदलत नाही. मज्जारज्जूभोवतीचे ते पाणी पाठीतून काढून तपासले आणि त्यात विषाणू सापडला, तर मात्र मेंदूत काय पोहोचते आणि विषाणू कशाला दाद देतो, हे दोन प्रश्न निर्णायक होतात आणि तेव्हा बदल लांबवायचा नसतो.

तेव्हा माझा क्रम असा राहिला असता: आज पुन्हा रक्तातला व्हायरल लोड आणि सीडी४, सोबत साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइड, बी१२ आणि सिफिलिसची तपासणी, त्याच आठवड्यात मेंदूचा एमआरआय, आणि एमआरआयमध्ये मेंदूवर दाब नाही याची खात्री झाली की पाठीतले पाणी काढून तपासणी. आठ महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवर आज कोणताच निर्णय घेता येणार नाही, कारण पित्ताची गोळी त्यानंतर सुरू झालेली आहे.

एमआरआयवर एचआयव्हीचा स्वतःचा परिणाम बहुधा दोन्ही बाजूंना सारखा आणि धुरकट दिसतो. जेसी विषाणूचे डाग एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी आणि मेंदूच्या सालीला अगदी चिकटून असतात. टॉक्सोप्लाझ्माच्या गाठी कड्यासारख्या उजळतात. पण एमआरआय अगदी साधा निघाला तरी तिथे थांबू नये. पाठीतून पाणी काढायचे म्हटले की आपल्याकडे घरोघरी विरोध होतो. पाय जातात, जन्माची कंबरदुखी लागते, असे कोणीतरी ऐकलेले असते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घातली जाते, त्यामुळे रज्जूला इजा होण्याचा प्रश्न तिथे येत नाही. शरीरात हे पाणी एकूण सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते. तपासणीसाठी घेतलेले दहा-पंधरा मिलिलिटर तासाभरात भरून निघते. काहींचे डोके पुढचे काही दिवस उठल्यावर दुखते, आडवे झाल्यावर थांबते. हे आधी नीट समजावून सांगितले तर बहुतेक लोक तयार होतात.

त्या पाण्यात काय काय तपासायचे हे सुई घालण्यापूर्वी ठरलेले असावे, कारण नंतर आठवले म्हणून पुन्हा सुई घालणे कोणालाच नको असते. दाब मोजणे, पेशी, प्रथिने आणि साखर, टीबीसाठी जनुकीय तपासणी, क्रिप्टोकॉकसचे अँटिजेन, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, आणि गरजेप्रमाणे जेसी विषाणू. यांच्या सोबत एचआयव्हीचा व्हायरल लोड, तोही शक्यतो त्याच दिवशीच्या रक्ताबरोबर. नेहमीच्या व्हायरल लोड तपासणीला रक्ताचा नमुना अपेक्षित असतो. पाठीच्या पाण्यासाठी प्रयोगशाळेशी आधी बोलावे लागते. कोल्हापुरातून असा नमुना बहुधा पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो आणि तो थंड ठेवूनच न्यावा लागतो. ही व्यवस्था सुईच्या आधी करून ठेवायला डॉक्टरांना आठवण करून द्या, त्यात संकोच नको.

पुढचा उपचार या उत्तरांवर ठरेल. पाण्यात विषाणू सापडला तर शक्य असेल तिथे त्याच पाण्यातला विषाणू कोणत्या औषधांना दाद देत नाही हे तपासून डोल्युटेग्राविर, रिटोनाविरसह दारुनाविर, झिडोव्हुडिन यांच्यापैकी जे लागू पडेल त्याच्या आधारे नवी जोडणी करतात. सरकारी कार्यक्रमात दुसऱ्या फळीवरून बदल करताना तज्ज्ञ समितीची संमती लागते; म्हणून सगळे कागद एकाच फाइलमध्ये, तारखांच्या क्रमाने लावून ठेवा, त्याने खरोखर आठवडे वाचतात. औषध लागू पडले तर फिट आणि गुंगी आधी ओसरते, तोल आणि हिशेब सावकाश, काही महिन्यांत सुधारतात. टीबीचा मेंदूज्वर निघाला तर टीबीची औषधे दीर्घ काळ आणि सुरुवातीचे काही आठवडे स्टेरॉइड; मात्र टीबीवरचे रिफाम्पिसिन अ‍ॅटाझानाविरला रक्तात टिकू देत नाही आणि डोल्युटेग्राविर असेल तर तेही दिवसातून दोनदा द्यावे लागते, त्यामुळे दोन्ही उपचार एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली हवेत. टॉक्सोप्लाझ्मा निघाला तर कोट्रायमॉक्साझोलसारख्या साध्या, स्वस्त औषधाने दोन आठवड्यांत फरक दिसतो. दिसला नाही तर निदानाचा फेरविचार करावा लागतो. सिफिलिसला शिरेतून पेनिसिलिन. जेसी विषाणूवर मात्र थेट औषध नाही, एआरटीने प्रतिकारशक्ती सावरणे हाच एक मार्ग राहतो.

ज्यांचे निदान नुकतेच झाले आहे आणि ज्यांचे डोके दुखते आहे, त्यांच्या घरच्यांसाठी एक वेगळी सूचना. अशा वेळी मेंदूज्वर वगळण्याआधी एआरटीची घाई करू नये. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात आधी बुरशीवरचे उपचार करून एआरटी चार ते सहा आठवड्यांनी सुरू करतात, कारण प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर बंद कवटीत उसळणारा दाह जिवावर बेततो. टीबीच्या मेंदूज्वरातही असेच काही आठवडे थांबतात. हे थांबणे म्हणजे हलगर्जीपणा नव्हे.

आता पायांकडे. जळजळ दोन्ही पायांत सारखी असेल, बोटांपासून सुरू होऊन वर चढली असेल आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, तर पायांच्या नसा दुखावलेल्या आहेत, आणि त्यासाठी आज मेंदूत विषाणू असण्याची गरज नाही. २०११ च्या सुमारास आपल्याकडे स्टॅव्हुडिन हे औषध अजून दिले जात होते आणि त्याने अनेक लोकांच्या नसा कायमच्या बिघडल्या. टीबीच्या आयसोनियाझिडनेही बी६ जीवनसत्त्व जोडीला न दिल्यास तेच होते. जुनी फाइल काढून पाहिलीत तर कळेल. त्याशिवाय मधुमेह, दारू आणि बी१२ ची कमतरता ही दुरुस्त करता येणारी कारणे शोधावीत. वेदनेसाठी प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन उपयोगी पडते. नस पूर्वीसारखी होत नाही, झोप मात्र लागते. पाय ताठरले असतील, लघवीवर ताबा राहत नसेल, तर ते नसांचे नव्हे, मज्जारज्जूचे लक्षण आहे आणि एमआरआयमध्ये पाठही घ्यावी लागेल.

औषधांच्या आपसांतल्या भांडणांविषयी मी प्रत्येक रुग्णाला बजावतो, कारण बरेच नुकसान एचआयव्हीच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर होते. फिट आली म्हणून फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन सुरू केले तर ते अ‍ॅटाझानाविर आणि डोल्युटेग्राविर या दोन्हींची पातळी खाली आणते. अशा वेळी लेव्हेटिरासेटाम सोयीचे. अर्धशिशीच्या ज्या गोळ्यांत एर्गोटामिन असते त्या रिटोनाविरबरोबर घेतल्यास हातापायांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. पुढे डोल्युटेग्राविर सुरू झाले तर कॅल्शियम, लोह आणि पित्तशामक द्रव औषधे त्याच्याबरोबर घ्यायची नाहीत, आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याची मात्रा दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नाही. पँटोप्राझोलविषयी आजच एआरटीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. एआरटी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

ताप, वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, दोन-दोन दिसणे, एका अंगाची कमजोरी, फिट किंवा सारखी झोप येणे, यांतले काहीही सुरू झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. रात्र असली तरी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि चालू गोळ्यांची डबी सोबत न्यावी.

मालकांना काय सांगावे, हे तुम्ही शेवटी विचारले आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार एचआयव्हीची माहिती कामाच्या ठिकाणी देण्याचे बंधन बंधूंवर नाही. त्या कारणाने कामावरून काढणेही बेकायदा आहे. पण पट्ट्या चुकत असताना गप्प बसलात, तर उद्या एखाद्या शेतकऱ्याची रक्कम कमी-जास्त झाली की नको तो आळ त्यांच्यावर येईल. मेंदूची तपासणी सुरू आहे, दोन-तीन महिने रोख रक्कम आणि पट्ट्या दुसऱ्या कोणाकडे द्याव्यात, दादा सौद्याच्या नोंदी आणि फोन सांभाळतील, एवढे मालकांना सांगितलेत तरी पुरे. मोटारसायकल तोवर तुम्ही चालवा आणि त्यांना मागे बसवा. तोल जाणारा आणि फिट येण्याचा संभव असलेला माणूस शिरोली नाक्याच्या गर्दीत एकटा दुचाकीवर जाऊ नये, आणि एमआरआयची तारीख मिळेपर्यंत ही गोष्ट त्यांच्या मनाविरुद्ध करावी लागली तरी करावी.